फ्रेकल्टनचे क्रीडांगण : एका गावाच्या स्मारकाची हकीकत

आपल्या भागात जुन्या देवळाच्या आवारात किंवा गावाच्या वेशीजवळ वीरगळ उभा असलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत त्या वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य अशी साधारण त्याची घडण असते. येताजाता आपण त्याला हात जोडतो, शेंदूर लावतो. परंतु तो वीर कोण, कुणाचा मुलगा, हे बहुतेक वेळा कोणास सांगता येत नाही, कारण बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नसते. त्यानंतर इंग्रजी अमदानीत, पहिले महायुद्ध संपल्यावर, सरकारने अनेक गावी दगडी पाट्या बसविल्या. या गावातून इतके इसम १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. तेथे आकडा आहे, नाव नाही.

प्रस्तुत लेखकाचा जन्म कचेरीच्या दप्तरात चालला आहे. जुन्या कोतवाल बुकात मयत इसमाचे नाव, वय व मरणाचे कारण एका ओळीत लिहिलेले असते. ती ओळ लिहिणाऱ्यास क्षणभर लागतो, पण साठ-सत्तर वर्षांनी कोणाचा तरी नातू ती शोधीत येतो, तेव्हा तिचे मोल कळते. म्हणून एखाद्या गावाने आपल्या मृतांची नोंद कशी ठेवली, हा विषय मला नेहमी जवळचा वाटत आला आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींपुढे अशाच एका परदेशी गावाची हकीकत मांडीत आहे. गाव दूरचे आहे, माणसे परधर्माची आहेत, परंतु शाळा, प्रार्थनामंदिर आणि त्यांच्यामधला रस्ता हा गावगाडा आपल्या परिचयाचाच आहे.

गाव आणि तळ

इंग्लंडच्या वायव्य भागात लँकेशायर नावाचा परगणा आहे. तेथे प्रेस्टन शहराच्या पश्चिमेस, रिबल नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या उत्तर काठावर फ्रेकल्टन हे गाव वसले आहे. गावातून लिथम रोड नावाचा रस्ता जातो. होली ट्रिनिटी म्हणजे पवित्र त्रिमूर्ती या नावाचे चर्च आणि त्याच नावाची चर्चने चालविलेली शाळा ही गावाची दोन मुख्य ठिकाणे. शेजारीच वॉर्टन नावाचे दुसरे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे विमानतळ झाला.

१९४१ च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली. त्यानंतर तिची हजारो विमाने इंग्लंडमध्ये येऊ लागली. समुद्रापलीकडून आलेले विमान तपासावे लागते, त्यात दुरुस्त्या व फेरफार करावे लागतात, आणि मग ते लढणाऱ्या तुकडीच्या ताब्यात द्यावयाचे असते. हे काम करण्यासाठी अमेरिकन हवाई दलाने जे मोठे तळ उभारले, त्यांपैकी वॉर्टन हा एक होय. त्याचे सरकारी नाव बेस एअर डेपो क्रमांक दोन. युद्ध संपेपर्यंत सुमारे दहा हजार विमाने या तळावरून तयार होऊन गेली. तळावर हजारो अमेरिकन शिपाई व कारागीर राहत. फ्रेकल्टनच्या अंगणातच जणू एक परदेशी शहर येऊन बसले होते. गावातल्या मुलांना अमेरिकन शिपाई ओळखीचे झाले, शिपायांनाही गाव ओळखीचे झाले. लिथम रोडवर शाळेच्या समोरच्या बाजूस त्यांच्यासाठी एक लहान उपाहारगृह निघाले होते. त्याला ‘सॅड सॅक’ असे नाव होते. अमेरिकन सैन्याच्या साप्ताहिकात त्या काळी येणाऱ्या एका चित्रमालिकेतला हा सदा अडचणीत सापडणारा बिचारा शिपाई. त्याच्या नावाने चहा-नाश्त्याची जागा चालावी, यावरून तेथले खेळीमेळीचे वातावरण ध्यानात येईल.

ज्या विमानाची ही गोष्ट आहे ते बी-२४ लिबरेटर जातीचे बॉम्बफेकी विमान होते. चार इंजिने, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३३ मीटर लांबी, आणि पोटात हजारो लिटर इंधन. महायुद्धाच्या काळात अशी अठरा हजारांहून अधिक विमाने अमेरिकेत बांधली गेली. आपल्या देशालाही हे विमान नवे नाही. युद्धानंतर येथे टाकून दिलेली लिबरेटर विमाने बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्याने पुन्हा उडण्याजोगी केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९४८ पासून १९६८ पर्यंत वापरली. पुण्याजवळच्या लोहगाव तळावरही ती होती. त्या बाजूच्या त्या पिढीतील लोकांनी हा चार इंजिनांचा आवाज ऐकला असेल.

२३ ऑगस्ट १९४४

त्या दिवशी बुधवार होता. सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. बालवर्गात चार ते सहा वर्षे वयाची मुले बसली होती. आपल्याकडे शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात बालवाडीत जो गोंधळ असतो, रडणारी मुले, पाटीसाठी भांडणारी मुले, तो प्रत्येक मुलखात सारखाच असणार. त्यांच्या शिक्षिका जेनी हॉल या तरुण होत्या व शाळेवर नुकत्याच रुजू झाल्या होत्या. दुसऱ्या शिक्षिका लुईसा हुल्म या वयाने बऱ्याच वडील होत्या.

सकाळी साडेदहाच्या सुमारास वॉर्टनच्या तळावरून दोन लिबरेटर विमाने चाचणीसाठी उडाली. दुरुस्ती पुरी झाली होती. आता ती तुकडीकडे पाठवावयाची, त्याआधी शेवटची एक फेरी मारून पाहावयाची, इतकेच काम होते. एका विमानाचे वैमानिक लेफ्टनंट जॉन ब्लोमेनडाल, दुसऱ्याचे लेफ्टनंट पीटर मनासेरो. विमाने वर गेली आणि थोड्याच वेळात आभाळ काळवंडले. वादळ येत असल्याची सूचना तळाला मिळाली व दोन्ही विमानांना परत फिरण्याचा हुकूम सुटला.

परंतु विमाने तळाजवळ येईपर्यंत वादळाने तळ गाठला होता. वैशाखात आपल्याकडे वळीव येतो तेव्हा दिवसाढवळ्या अंधारून येते, वाऱ्याने झाडे वाकतात आणि समोरचा माणूस दिसेनासा होतो. त्याहून भयंकर अशी ती वेळ होती. दोन्ही विमाने उतरण्याच्या बेतात होती. ऐन वेळी ब्लोमेनडाल यांनी उतरण्याचे रद्द करून पुन्हा एक फेरी घेत असल्याचे बिनतारी यंत्रावरून कळविले. त्यानंतर मनासेरो यांना आपल्या जोडीदाराचे विमान पावसात दिसले नाही. त्यांनी आपले विमान वादळातून बाहेर काढले व वादळ सरल्यावर ते सुखरूप उतरले.

दुसरे विमान गावावर अगदी खाली आले होते. त्याचे पंख जवळजवळ उभे झाले होते. एका पंखाचे टोक झाडाच्या शेंड्याला लागले, मग एका इमारतीच्या कोपऱ्याला घासून पंख तुटला. विमानाचा मुख्य भाग काही घरे आणि ‘सॅड सॅक’ उपाहारगृह उद्ध्वस्त करीत लिथम रोडवर आला. काही भाग रस्ता ओलांडून शाळेच्या बालवर्गावर जाऊन आदळला. टाक्या फुटल्या, इंधन पेटले आणि पेटलेले इंधन वर्गात शिरले. वर्गातले घड्याळ दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी बंद पडले.

शाळेच्या दुसऱ्या भागात मोठी मुले होती, ती वाचली. बालवर्गात मात्र आगीने कोणास अवधीच दिला नाही. गावकरी आणि तळावरचे शिपाई धावत आले, मिळेल त्या साधनाने ढिगारा उपसू लागले. काही मुले जिवंत हाती लागली. त्यांपैकी शेवटी तीनच जगली. एकंदर मृतांची संख्या एकसष्ट झाली. त्यांत अडतीस मुले होती. तेवीस प्रौढांमध्ये दोन्ही शिक्षिका होत्या, विमानातले तिघेही होते, उपाहारगृहात बसलेले अमेरिकन शिपाई व ब्रिटिश हवाई दलाचे लोक होते, आणि गावातील सामान्य स्त्रीपुरुष होते.

वाचकहो, एकसष्ट हा आकडा युद्धाच्या हिशेबात लहान आहे. त्याच आठवड्यात, २५ ऑगस्टला, पॅरिस शहर जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झाले. जगाच्या वर्तमानपत्रांना त्या बातमीपुढे दुसरे काही दिसणे कठीण होते. परंतु एका गावाच्या हजेरीपटावरून चार ते सहा वर्षांची अडतीस नावे एका सकाळी कमी होतात, तेव्हा त्या गावाची एक फळीच नाहीशी होते. पुढे दहा वर्षांनी कारखान्यात कामाला लागणारी, वीस वर्षांनी लग्ने करणारी, चाळीस वर्षांनी गावचा कारभार पाहणारी ती फळी होती.

चौकशीत काय निघाले

अमेरिकन हवाई दलाने रीतसर चौकशी केली. विमानाचा बहुतेक भाग जळून गेल्यामुळे निश्चित कारण सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. वादळाच्या तडाख्याने विमानाचा सांगाडाच कोठे निकामी झाला काय, याचाही विचार झाला. परंतु वैमानिकाला वादळाचा धोका कळला तोपर्यंत फार उशीर झाला होता, असे मत अहवालात नोंदविले गेले.

या अहवालातील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. अमेरिकेत मोठमोठी वादळे पाहिलेल्या अनेक वैमानिकांची अशी समजूत होती की इंग्लंडातला पाऊस म्हणजे नुसती सर, त्यापासून भय ते काय! ही समजूत चुकीची आहे, इंग्लंडातील वादळेही घातक असतात, हे अमेरिकेत शिकून आलेल्या प्रत्येक वैमानिकास बजावून सांगावे, अशी शिफारस चौकशीअंती करण्यात आली. आपणा शेतकऱ्यांना यात नवल वाटू नये. परगावचा माणूस आपल्या ओढ्याला ‘एवढासा ओढा’ म्हणतो आणि पावसाळ्यात त्यात गाडी घालतो. ओढ्याचा स्वभाव गावच्या माणसालाच ठाऊक असतो. तो स्वभाव पाहुण्याला सांगणे हे गावकऱ्याचे काम आणि तो ऐकून घेणे हे पाहुण्याचे काम. फ्रेकल्टनच्या बाबतीत हे शहाणपण लेखी स्वरूपात येण्यापूर्वी एकसष्ट माणसे गेली.

खांदा कोणी दिला

आता या हकीकतीचा जो भाग सांगण्यासाठी हा लेख लिहिला, तो येतो.

विमान अमेरिकेचे होते, तळ अमेरिकेचा होता, वैमानिक अमेरिकन होता. युद्ध नसते तर तो तळही नसता आणि ते विमानही नसते. गावाने त्या तळाकडे पाठ फिरविली असती तरी त्याला कोणी दोष देऊ शकले नसते. तसेच, तळावरच्या अधिकाऱ्यांनी ‘युद्धात असे चालायचेच’ म्हणून चार ओळींचे दुखवट्याचे पत्र पाठवून हात झटकले असते, तर तेही त्या काळात खपून गेले असते. यांपैकी काहीच झाले नाही.

होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात सामुदायिक दफनविधी झाला. मुलांच्या लहान लहान शवपेट्या अमेरिकन शिपायांनी वाहून आणल्या. ज्या तळावरून विमान उडाले, त्याच तळाचे हे लोक. खांदा कोण देतो याला आपल्या समाजात किती अर्थ आहे, हे सांगावयास नको. भावकीतला, शेजारचा, अगदी जवळचा माणूसच तिरडीला हात लावतो. वैर असेल तर माणूस दाराशी उभा राहतो, पण खांदा देत नाही. फ्रेकल्टनच्या आईबापांनी आपल्या लेकरांच्या पेट्या त्या परदेशी शिपायांच्या हाती दिल्या आणि त्या शिपायांनी त्या उचलल्या. मला वाटते, स्मारकाचा पाया त्याच दिवशी घातला गेला. बहुतेक मुले तेथे एकाच समाईक कबरीत विसावली आहेत, आणि त्या ठिकाणी त्यांची नावे कोरलेली आहेत. येथे नुसता आकडा नाही.

भाजलेल्या मुलांवर इस्पितळात उपचार चालू असताना अमेरिकेचे प्रसिद्ध गायक बिंग क्रॉसबी सैनिकांसाठी कार्यक्रम करीत इंग्लंडात आले होते. ते या मुलांना भेटावयास गेले. मुलांची अवस्था पाहून त्यांना समोर उभे राहून गाता येईना. तेव्हा त्यांनी खोलीबाहेर उभे राहून, मुलांना ऐकू येईल असे गायिले, अशी आठवण सांगितली जाते.

एका वर्षात उभे राहिलेले स्मारक

गावात काहीतरी कायमची आठवण असावी, हे सर्वांनाच वाटत होते. तळावरच्या लोकांनी ठरविले की मुलांच्या स्मरणार्थ मुलांसाठीच काहीतरी करावयाचे. त्यांनी गावात एक लहान बाग आणि तिला जोडून मुलांचे क्रीडांगण तयार केले. पैसा त्यांनी घातला आणि अंगमेहनतही त्यांनीच केली. विमानाचे सांधे जुळविणारे हात बागेची जमीन सारखी करू लागले. १९४५ च्या मे महिन्यात युरोपातले युद्ध संपले. १५ ऑगस्टला जपानची शरणागती जाहीर झाली. शिपायांचे मन आता घराकडे लागलेले असणार. त्यानंतर पाचच दिवसांनी, २० ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे वर्षश्राद्धाला तीन दिवस उरले असताना, त्या क्रीडांगणाचे उद्घाटन झाले.

तेथे एक शिळा आहे. तिच्यावरील मजकुराचा आशय असा की, २३ ऑगस्ट १९४४ च्या दुर्घटनेत जी हानी दोघांनी मिळून सोसली तिची जाणीव व आठवण म्हणून, हे क्रीडांगण फ्रेकल्टनच्या मुलांना बेस एअर डेपो क्रमांक दोनमधील त्यांच्या शेजाऱ्यांनी दिले आहे.

या वाक्यातील दोन शब्दांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. पहिला शब्द ‘शेजारी’. देणाऱ्यांनी आपणांस दाते म्हटले नाही, दोस्त राष्ट्राचे सैनिक म्हटले नाही, अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे क्रमाने लिहिले नाहीत. त्यांनी आपले नाते लिहिले. दुसरा शब्द ‘दोघांची’ हानी. गावाची मुले गेली तशी तळाचीही माणसे गेली होती. विमानातले तिघे आणि उपाहारगृहात बसलेले त्यांचे सोबती हेही कोणाची तरी मुले होती. परंतु आमचेही गेले, म्हणून हिशेब फिटला, असा या शब्दाचा सूर नाही. तुमचे दुःख ते आमचेही दुःख, असा तो सूर आहे.

क्रीडांगणच का, मनोरा किंवा पुतळा का नाही, असाही प्रश्न मनात येतो. मला असे वाटते की अडतीस मुलांच्या आठवणीला शांततेपेक्षा मुलांचा गलबलाच अधिक शोभतो. ज्यांचे खेळ अर्धे राहिले, त्यांच्या नावाने दुसरी मुले खेळतात. त्या गावात पुढे जन्मलेल्या कितीतरी मुलांनी ती शिळा वाचण्याच्या वयाला येण्यापूर्वीच तिच्या शेजारी धावाधाव केली असेल. आठवण टिकविण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी सुचत नाही.

उशिरा झालेली दोन स्मारके

सर्वच स्मारकांचे असे चटकन होत नाही. त्याच महायुद्धातले दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. क्वीन्सलंड राज्यात मके नावाच्या शहराच्या दक्षिणेस बेकर्स क्रीक हे ठिकाण आहे. तो सगळा ऊसाचा मुलूख. १४ जून १९४३ रोजी सकाळी रजा संपवून न्यू गिनीतल्या लढाईवर परत निघालेल्या अमेरिकन सैनिकांना घेऊन एक मोठे विमान मकेहून उडाले आणि थोड्याच वेळात बेकर्स क्रीक येथे कोसळले. एक्केचाळीस जणांपैकी चाळीस मरण पावले, एकच वाचला. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातील सर्वांत मोठी विमान दुर्घटना ती हीच. परंतु युद्धकाळातील बंधनांमुळे ही बातमी दाबून ठेवण्यात आली. माणूस विमान अपघातात गेला एवढेच घरच्यांना कळले; कोठे व कसा, हे पुष्कळांना कित्येक वर्षे कळले नाही. स्थानिक लोकांच्या मनात मात्र ती जागा राहिली होती, आणि अखेर १९९२ साली तेथे स्मारक झाले. पुढे काही मंडळींनी चिकाटीने मृतांच्या कुटुंबांचा एकेक करून शोध घेतला. ज्यांची नोंद सरकारने झाकून ठेवली, त्यांची नोंद अखेर लोकांनी उघडी केली. तिला मधे जवळपास पन्नास वर्षे गेली, आणि तोपर्यंत मुलाची वाट पाहणाऱ्या बहुतेक आया निघून गेल्या असणार.

खुद्द फ्रेकल्टनमध्येही एक काम लांबले. दुर्घटनेनंतर गावासाठी निधी जमला होता व मृतांच्या स्मरणार्थ गावात एक सभागृह बांधावे असा विचार होता. ते स्मृतिसभागृह १९७७ च्या सप्टेंबरात उघडले. दुर्घटनेला तोपर्यंत तेहतीस वर्षे झाली होती. बालवर्गातील जी मुले गेली, ती जगती तर त्यांची स्वतःची मुले त्या वेळी शाळेत जात असती.

सभागृह झाले हे चांगलेच झाले, त्याचा गावाला उपयोगही झाला. त्या गावचे कारभारी कसे वागले यावर येथे बसून बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु आपल्याकडच्या सार्वजनिक कामांचा थोडाफार अनुभव सर्वांनाच आहे. निधी जमतो तेव्हा उत्साह असतो. मग जागा कोणती यावर बैठक, नकाशा कोणता यावर बैठक, अध्यक्ष कोण यावर तर बैठकाच बैठका. तोवर सिमेंट महागते, विटा महागतात, आणि जमलेल्या रकमेत फक्त पाया येतो. वर्गणी देणारी जुनी माणसे एकेक करून कमी होतात. त्यांनी दिलेल्या पैशाचे काय झाले हे पाहण्याचे त्यांच्या नशिबी येत नाही. एकाच गावात, एकाच दुःखासाठी, एक स्मारक एका वर्षात झाले आणि दुसरे तेहतीस वर्षांत. पहिल्यामध्ये देणाऱ्यांनी स्वतः फावडे हातात घेतले होते, एवढे मात्र आपण ध्यानात ठेवावे.

आजचे फ्रेकल्टन

युद्ध संपल्यावर अमेरिकन निघून गेले. वॉर्टनचा तळ मात्र ओस पडला नाही. तेथे ब्रिटिश विमान कारखाना आला. कॅनबेरा या जेट बॉम्बफेकी विमानाचे पहिले उड्डाण १९४९ साली वॉर्टनवरूनच झाले, आणि ही विमाने पुढे भारतीय हवाई दलातही आली. भारताने १९७०च्या दशकाच्या अखेरीस घेतलेल्या जग्वार विमानांपैकी जी ब्रिटनमध्ये तयार झाली, तीही वॉर्टनच्याच कारखान्यातली. म्हणजे फ्रेकल्टनच्या डोक्यावरून आजवर विमाने जात आलेली आहेत. ज्या आवाजाने एकदा घात केला, त्याच आवाजाखाली गाव नांदत राहिले, आणि गावच्या कित्येकांनी त्याच कारखान्यात पोट भरले असणार.

दुर्घटनेविषयी गावातली माणसे पुष्कळ वर्षे फारसे बोलत नसत असे सांगतात. ज्यांची मुले गेली त्यांच्या शेजारीच ज्यांची वाचली ते राहत होते. अशा ठिकाणी बोलण्यापेक्षा न बोलणे हीच कधी कधी माणुसकी असते. बोलण्याचे काम मग दगडाने केले. चर्चच्या आवारातील नावे आणि क्रीडांगणातील शिळा यांनी ती गोष्ट सांभाळून ठेवली. जी थोडी मुले वाचली त्यांनी उतारवयात आपल्या आठवणी सांगितल्या, त्यांच्या नोंदी झाल्या, अभ्यासकांनी पुस्तके लिहिली. २०१९ साली घटनेस पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हाही त्या एकसष्ट जणांचे गावाने स्मरण केले. त्या वेळी चार वर्षांचे असलेले मूल ऐंशीच्या घरात पोचले होते. साक्षीदार आता जवळजवळ राहिले नाहीत. यापुढे जे काही सांगावयाचे ते त्या नावांनी आणि त्या शिळेनेच सांगावयाचे आहे.

ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींनो, या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी रकमेसह छापली जाईल. तशी यादी छापणे योग्यच आहे. हिशेब चोख असावा आणि ज्याने दिले त्याची नोंद असावी, असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. परंतु ज्यांनी रोख रक्कम न देता माती वाहिली, पाणी भरले, रात्री सामानाची राखण केली, किंवा एखाद्या दुःखी घरी जाऊन नुसते बसून राहिले, त्यांची पावती फाडता येत नाही. त्यांच्यासाठी कोणत्या रकान्यात काय लिहावे असा प्रश्न लिहिणाऱ्याला पडतो. फ्रेकल्टनच्या त्या शिळेवर या प्रश्नाचे उत्तर कोरलेले आहे. तेथे देणाऱ्यांनी स्वतःसाठी एकच शब्द लिहिला, शेजारी. आपल्या यादीतही त्या शब्दासाठी एक ओळ मोकळी ठेवावी, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.